नुसतं बघायला

त्या वर्षी दुष्काळानं ऊस वाळला आणि ढोकीच्या कारखान्याचं गाळप लवकरच बंद पडलं. आमचे हे तिथं बॉयलरवर होते. घरात बसून माश्या मारण्यापेक्षा मला जरा फिरवून आणा, म्हणाले मी. लग्नाला इतकी वर्षं झाली. माहेर आणि बाजार सोडून काय बघितलं होतं मी? यांना पटलं. पण यांच्या आईला सांगायचं कसं? आमच्यात लग्नाला, मयताला नाहीतर देवाला, एवढ्यासाठीच बाई गाव सोडते. नुसतं बघायला निघालो म्हटलं असतं तर सासूबाईंनी दारच लावून घेतलं असतं.

मग यांनीच शक्कल काढली. "रामलिंगाला नवस बोलून येतो," म्हणाले. मला मूल नव्हतं. सासूबाईंनी एका शब्दानं अडवलं नाही, उलट स्वतः बसून भाकरी थापल्या. मला असा राग आला म्हणता! पण जायला मिळतंय म्हणून गिळला.

साखरेच्या पोत्याची शिवलेली एक पिशवी, तीत भाकरी, शेंगाची चटणी आणि एक चादर. दिवस उजाडताना चालत तेरला निघालो. तेरणा नदी कोरडी ठाक पडलेली. बाया वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. तरी मला सगळं नवं वाटत होतं. विटांचं जुनं देऊळ तर मी हात फिरवून फिरवून बघितलं. पुढं एका ठिकाणी टेकाडात सापडलेल्या जुन्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. त्यात मातीचा एक बैल होता, बोटाएवढा. ज्यानं केला त्याच्या अंगठ्याचा ठसा अजून त्याच्या पाठीवर होता. मी तिथून हलेचना.

सोबत यांची चुलती होती. तिच्याकडंच आम्ही उतरलो होतो. तिनं पदर डोळ्याला लावला. "खेळणं बघून जीव तुटतोय गं पोरीचा," म्हणाली. आता काय बोलावं? नवसाची बातमी एसटीच्या कंडक्टरनं आमच्या आधीच तिथं पोचवली होती.

संध्याकाळी तिनं मला पाटावर बसवून ओटी भरली. घरात गहू-तांदूळ कुठले? रेशनवर मिळालेली परदेशी तांबडी ज्वारी, मिलो होती, तीच ओंजळभर माझ्या पदरात घातली. तिच्या चुलीवर काय शिजणार ते मला दिसत होतं. ओटीला नको म्हणता येत नाही. शेजारणींनी बघितलं, मग त्याही आपापली ओंजळ घेऊन आल्या. प्रत्येकीनं माझ्या पोटावरची नजर न हलवता आशीर्वाद दिला. फिरणाऱ्याची पिशवी हलकी होत जाते. आमची दुसऱ्या दिवशी उचलवेना.

अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीनं येडशीला गेलो. डब्यातल्या बाईनं विचारलं, "नवसाला का?" हे म्हणाले, "व्हय, व्हय." वाटेत चहावाल्यानं विचारलं, त्यालाही व्हय. मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर माळ होता, उन्हानं करपलेला, पण माझ्या डोळ्यांना तोही पुरत होता.

रामलिंगाचं देऊळ तिथंच, खाली दरीत. झाडांची पानं गळलेली, वानरं फांद्यांवर गप बसलेली. आत पाय ठेवला आणि अंगावर गारवा आला. मी खांबाला टेकून तो गारवा घेत होते, तेवढ्यात हे कानाशी म्हणाले, "आलोच हाव, तर मागून घिऊ की."

"तुमी बी?" माझा आवाज देवळात घुमला. "मला वाटलं, तुमी तरी मला हिंडवायला आणलंय."

मी तडक बाहेर आले आणि पायरीवर बसून रडले. कुणी बघो न बघो. हे आले, शेजारी बसले. मग पिशवी खांद्यावर घेतली आणि वर चढायला लागलो.

चढावर एक म्हातारी सरपणाचा भारा उतरवून सावलीला टेकली होती. यांनी भारा तिच्या डोक्यावर चढवायला हात पुढं केला. "दम घीऊ द्या जरा," म्हणाली. "कुठलं म्हणायचं तुमी?"

"ढोकीचं."

"नवस का?"

मी खाली बघितलं. आता हे व्हय म्हणणार, आणि मग तिचं सुरू होणार: किती वर्षं झाली, कुणाला दाखवलं, अमक्या देवाचा अंगारा लाव.

"न्हाय, मावशी," हे म्हणाले. "लेकरू न्हाय आमाला, पर त्येच्यासाठी न्हाय आलो. हिला मुलूख बघायचा हुता."

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. पोटाकडं नव्हे, तोंडाकडं.

"मग? काय काय बघितलंस गं?"

आजवर कुणी मला असं विचारलंच नव्हतं. मला पुन्हा रडूच यायला लागलं.

तिनं भारा पायानं बाजूला सारला. "बस हितं सावलीला," म्हणाली, "आन् सांग. मी ह्या डोंगरापल्याड कवा गेले न्हाय."