कव्हरसकट स्कॅन केलेलं पुस्तक

नाव: कु. नीलम राजाराम तांबे. राहणार: भांडुप पश्चिम. शिक्षण: विधी शाखा, अंतिम वर्ष. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग. सदर विद्यार्थिनी प्रताधिकारभंगाची सराईत सूत्रधार असून तिच्यामुळे ज्ञानव्यवहाराची अपरिमित हानी झाली आहे, असे महाविद्यालयाच्या शिस्तपालन समितीचे मत आहे.

सराईतपणा असा. कॉपीराइट कायद्यावरचं नेमलेलं पुस्तक वर्गात एकट्या नीलमने विकत घेतलं. घरात पुस्तक आलं की तिची आई, शकु, त्याला खाकी कव्हर घालून नाव, वर्ग, कॉलेज लिहिलेली चिठ्ठी चिकटवते. पहिलीपासूनचा रिवाज. कायद्याच्या पुस्तकालाही सूट मिळाली नाही.

"यार, ग्रुपवर टाक ना," वर्गातला निलेश म्हणाला. नीलमला अर्धवट काम जमत नाही. तिने मोबाइलवर सगळं पुस्तक स्कॅन केलं, कव्हरपासून, चिठ्ठीसकट.

"देवी आहेस तू! फक्त पानापानावर अंगठा दिसतोय. नेलपॉलिश तरी लावायचं गं!" निलेशने लिहिलं.

फाईल फिरत फिरत प्रकाशकाच्या वकिलाकडे पोचली. गुन्हेगार शोधायला त्याला पहिल्या पानापलीकडे जावं लागलं नाही. कॉलेजला नोटीस आली तसे ग्रुपवरचे आभार एकेक करून डिलीट झाले. "मी तर उघडलीच नव्हती," निलेशने सगळ्यांच्या वतीने कळवलं.

नीलमला परीक्षेला बसू द्यायचं की नाही, हे समितीने ठरवायचं होतं. नाही म्हटलं की वर्ष गेलं.

"चोरी करतेस आणि वर नाव टाकतेस?" अध्यक्षा सुलक्षणा मॅडमनी विचारलं. हा विषय त्याच शिकवतात.

"नाव आईने टाकलंय, मॅडम."

"मग ते कव्हर कशाला स्कॅन केलंस?"

"पुस्तक पूर्ण द्यावं म्हणून."

"तुम्ही वर्गात दाखवता त्या स्लाइडवरच्या पानांवर पण माझाच अंगठा आहे, मॅडम," हे वाक्य नीलमच्या ओठांवर आलं होतं. परीक्षेला बसायचं होतं, म्हणून तिने ते गिळलं.

त्याचा उपयोग झाला नाही. तिला परीक्षेला बसू न देण्याचा ठराव एकमताने झाला. पुस्तक पुरावा म्हणून जप्त करून कॉलेजच्या ग्रंथालयात जमा केलं गेलं.

ग्रंथालयात त्याआधी त्या पुस्तकाची एकही प्रत नव्हती.