होडीवरचा एफ

सज्जनहो, हातातले ग्लास क्षणभर खाली ठेवा. बँडवाल्यांनीही जरा थांबावं. अत्यंत गंभीर स्वरूपाची एक घोषणा आहे. मी, बस्त्याव, राहणार सांडोर, वय पंचावन्न, वसईतल्या निम्म्याअधिक लग्नांत माइक धरून पाहुण्यांना हसवणारा माणूस — होडीत बसायला घाबरतो.

हसलात ना? हसा. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कन्फेशनला फादरना नाही. पण ही घोषणा म्हणजे माझी जुनी युक्ती आहे. आधी लहान गोष्ट सांगून लोकांना हसवायचं, म्हणजे मोठी गोष्ट तिच्यामागे लपते. आज ती लपू द्यायची नाही असं ठरवून बसलोय. बसलोय कसला — दोन ओळी लिहितो आणि उठून वाडीतल्या केळींना पाणी लागलंय का ते बघून येतो. तीनदा बघून झालं. केळी ठीक आहेत.

माझी सासुरवाडी अर्नाळ्याची, मासेमारीवाली. समोर समुद्रात किल्ला, होडीने दहा मिनिटांवर. दरवर्षी सगळं घर तिकडे फिरायला जातं आणि दरवर्षी मी किनाऱ्यावर राहतो. कधी गुडघा, कधी पित्त. एकदा तर म्हणालो, "सगळेच गेलो तर कालवणाकडे कोण बघणार?" — त्या एका वाक्यावर सासूने मला गावातला सगळ्यात चांगला जावई ठरवलं. लहानपणी बुडता बुडता वाचलो, असं काही नाही हो. तसं असतं तर ती गोष्ट मी किती रंगवली असती. नुसती भीती. पायाखाली फळी हलली की मी परत वाळूवर.

आणि अशा माणसाच्या बायकोने लग्नाच्या सिल्व्हर ज्युबिलीला कुठे जायचं ठरवावं?

फिलसू, म्हणजे फिलोमिना, नर्स आहे. दिवसभर यंत्रांची टिवटिव ऐकायची, घरी यावं तर रस्त्यावरचे हॉर्न आणि शेजारच्या नव्या बिल्डिंगचं ठोकणं. तिला शांतता हवी होती. मोबाइलवर तिला ग्रीसमधलं एक बेट सापडलं. नाव सांगत नाही, त्या बेटाची काही चूक नाही. तीनशे माणसं, एक चर्च, एक बेकरी आणि बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा, बस्स. मी टाळ्या वाजवल्या. ग्रीसला विमानाने जातात, एवढंच माझं भूगोलाचं ज्ञान.

तिने दोनशे पानी वही केली. पहिल्या पानावर "कालिमेरा", म्हणजे तिकडचं गुड मॉर्निंग. खोलीच्या मालकीणबाईशी ती मोबाइलवर भाषांतर करून करून बोलायची. त्या बाईने अंगणातल्या अंजिराचा फोटो पाठवला, हिने आमच्या केळीचा. बाईसाठी सुके बोंबील न्यायचे का, यावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा चालली.

"वास येईल," मी म्हणालो.

"ती पण दर्यावरची बाई आहे. तिला नाही यायचा. तुलाच येतो, वाडीवाल्याला."

मग एक दिवस वहीत नवीन ओळ दिसली. बेटावर विमानतळ नाही. बोटीने आठ तास. वारा असेल तर जास्त.

त्याच वेळी सांगता आलं असतं, नाही का? "फिलसू, मला भीती वाटते." चार शब्द. स्टेजवर चारशे माणसांसमोर न अडखळणारी ही जीभ — ती चार शब्दांना अडली.

घरातले सगळे फॉर्म मी भरतो, कारण मी कचेरीत कारकून. व्हिसाची फाईल घेऊन तुळिंजच्या एका एजंटकडे मी जायचं ठरलं होतं. गेलो. त्याच्या जिन्याखाली उभा राहिलो. समोरच्या गाडीवर उसाचा रस प्यायलो. मग आणखी एक ग्लास. जिना चढलोच नाही. घरी आलो आणि म्हणालो, एजंटने फाईल परत केली.

का केली? — तिने विचारलंच. एखादी साधी थाप मारून सुटलो असतो. पण साधं बोलेन तो मी कसला? फाईल लावताना एक गोष्ट माझ्या नजरेस आली होती. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पी-एचने होतं आणि पासपोर्टवर एफने. आमच्याकडे घरटी असे घोळ असतात. मी चेहरा पाडून म्हणालो, "तुझ्या नावावर अडलं गं."

तिने एजंटला फोन केला नाही. कागदाच्या बाबतीत तिचा माझ्यावर फादरपेक्षा जास्त विश्वास.

आता तो एफ कुठून आला, ते सांगायला हवं. फिलसूच्या वडिलांनी आयुष्यात एकच इंग्रजी शब्द लिहायला शिकून घेतला होता, मुलीचं नाव. तेही तोंडात येतं तसं. शाळेत घालताना त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहून दिलं आणि घरी येऊन तसंच होडीच्या पुढच्या अंगावर रंगवलं, पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत. सासूला वाचता येत नाही. पण किनाऱ्यावर उभी राहून परतणाऱ्या होड्यांमधून ती आपली होडी ओळखायची, त्या पहिल्या अक्षरावरून, एफच्या दोन आडव्या दांड्यांवरून. म्हणायची, "ती बग, दोन हात पुढं काढून आली आपली."

मला वाटलं होतं, फिलसू चार दिवस हळहळेल आणि सोडून देईल. पंचवीस वर्षांत बायको एवढीच कळली मला? चर्चच्या दाखल्याप्रमाणे सगळीकडे पी-एच करून घ्यायला तिने प्रतिज्ञापत्र केलं, पेपरात जाहिरात दिली, राजपत्र, नवं आधार, नवा पासपोर्ट. ड्यूटी संपवून रांगेत उभी राहायची. खोली रद्द केल्याचा निरोप मालकीणबाईला तिनेच पाठवला. सिल्व्हर ज्युबिली घरीच झाली. टोस्ट मीच बोललो, पाहुणे हसून हसून लाल. जेवताना ताटाकडे बघत ती म्हणाली, "पप्पांनी कुणाला विचारून लिहिलं असतं, तर आज आपण तिकडे असतो."

वडिलांविरुद्ध एक शब्द ऐकून न घेणारी ती. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. माइक माझ्या खुर्चीजवळच पडला होता. मी काय केलं? म्हणालो, "जाऊ दे. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत?" — मोठ्या मनाने त्यांना माफ केलं मी.

नवा पासपोर्ट आलाय. वही पुन्हा निघाली आहे. या वेळी एजंटकडे ती स्वतः येणार आहे, आणि तो माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा बघणार आहे. त्याआधी मी तिला सांगून टाकेन, का त्या जिन्यावरच सगळं फुटेल, मला माहीत नाही. पण सकाळपासून मला जागेवर बसू देत नाही ते हे नव्हे.

नव्या हंगामाआधी होड्या वाळूवर ओढून रंगवतात. फिलसूने आपल्या भावाला, पास्कूला सांगितलं, होडीवरचं नावही बदल, आता सगळीकडे एकच असू दे. पास्कू घासकागद हातात घेऊन उभाच राहिला. मग माझ्याकडे वळला.

"भावजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा. घासू? पप्पांच्या हातचं हाय."

मी म्हणालो, "घास."

एफच्या जागेत पी आणि एच मावेनात. पप्पांनी कडेला जागाच सोडली नव्हती. पास्कूने कसेबसे कोंबले — पीचं पोट पुढे, एच त्याच्या मागे अंग चोरून. फिलसू लांबून बघून म्हणाली, "आता कुठे अडणार नाही." मी मान डोलावली.

तेवढ्यात सासू चहाची किटली घेऊन वाळूतून आली. आमच्या होडीपाशी थांबलीच नाही, सरळ पुढे गेली. एकेका होडीकडे बघत पार टोकापर्यंत गेली. फिलसूने हाक मारली तशी परत फिरली, आमच्या समोर येऊन उभी राहिली. त्या ओल्या अक्षरांकडे बघितलं, पास्कूकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"ही कोनाची होडी?"