मास्तरांचा सिलसिला

क्वीन्सटाउनच्या मास्तरांनी कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. रत्नागिरीच्या शाळेत त्यांची बढती अडवणारे हेडमास्तर वारून कित्येक वर्षं झाली, तरी त्यांचं नाव ते दातओठ खाऊन घेत. आणि अभ्यास कुणाचा, तर इराकातल्या एका फार जुन्या सूफी संताचा, ज्यांनी मारहाण करणाऱ्यालाच आपल्या ताटात जेवायला बसवलं. मी एकदा हे बोलून दाखवलं. "ते संत होते. मी फारसीचा मास्तर आहे," एवढंच म्हणाले.

निवृत्तीनंतर ते रत्नागिरीहून इकडे परदेशात मुलीकडे, शबानाकडे राहायला आले होते. रविवारी सकाळी त्यांच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, ते मला संतांचं चरित्र सांगत. त्यांचा खरा जीव सिलसिल्यात: संतांना कुणी शिकवलं, संतांनी कुणाला, त्याने पुढे कुणाला. सगळी नावं त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतली. एक गाळलं की पुन्हा पहिल्यापासून. "ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घ्यायचं, इंजिनिअर. नाहीतर ती चोरी."

वन-नॉर्थ या टेक पार्कमधल्या आमच्या ऑफिसात मी या विषयावर बोललो. मास्तरांना आग्रहाने बोलावून पुढच्या रांगेत बसवलं होतं. टाळ्या झाल्या. मॅनेजरने विचारलं, हे सगळं शिकलास कुठे?

"वाचून," मी म्हणालो. का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. मास्तर उठून निघून गेले.

पुढच्या रविवारी मी माफी मागितली. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना म्हणाले, "हे मोठे अभ्यासक. यांना कुणी शिकवलेलं नाही." पुढची दोन वर्षं भेटेल त्याला माझी हीच ओळख, लिफ्टमध्ये, बसस्टॉपवर, माझ्या बायकोसमोरसुद्धा.

"अब्बा, पुरे आता," शबाना एकदा म्हणाली.

"पुरे झालं की मीच थांबेन."

मी जात राहिलो, ते शिकवत राहिले. शिकवण्यात त्यांनी कुचराई केली नाही, सूडातही नाही.

गेल्या वर्षी मास्तर गेले. संतांवर त्यांनी लिहून ठेवलेलं पुस्तक शबानाने छापून घेतलं आणि मला बोलावून एक प्रत हातात दिली. शेवटच्या पानावर सिलसिला होता. संतांपासून उतरत मास्तरांच्या उस्तादांपर्यंत, मग मास्तर, आणि त्यांच्याखाली त्यांनी ज्यांना शिकवलं ती माणसं. शबाना, तिची मुलगी, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. सर्वांत शेवटी माझं नाव, आणि त्यावर आडवी रेघ.

"छापताना चूक झाली का?" मी विचारलं.

शबाना माझ्याकडे बघत नव्हती. "रेघ अब्बांनीच ओढली. मी म्हटलं, नावच काढून टाकू. तर म्हणाले, काढलं तर कुणाला कळणार? रेघेसकट छाप."