शेवटच्या डब्याचा दिवा

माझ्या बायकोच्या मामांनी युरोपातले सहा देश पाहिले, पण स्वित्झर्लंड येईपर्यंत त्यांतला एकही समोरून पाहिला नाही. आम्ही सगळे बसच्या पुढच्या काचेतून येणाऱ्या गावाकडे माना उंचावून बघायचो, तेव्हा मामा सगळ्यात मागच्या सीटवर गुडघा टेकवून, मागच्या काचेतून, गेलेलं गाव नीट गेलं का याची खात्री करून घेत असायचे. त्यांना तरी काय बोलणार? दौंडला मालगाडीचे गार्ड म्हणून त्यांनी उभी हयात काढली, आणि गार्डाची जागा गाडीच्या शेवटी. त्यामुळे जग हे आपल्यापासून लांब जाण्यासाठीच असतं, अशी त्यांची समजूत झाली होती. आमच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा ते सगळ्यांच्या मागे चालत होते, आणि मांडवगणच्या वेशीपाशी वरात पोचल्यावर बँडवाल्याला त्यांनी हात वर करून ‘गाडी पूर्ण आली’ असं कळवलं होतं. बँडवाल्याला ते वाजवणं थांबवायला सांगताहेत असं वाटलं. वरात दहा मिनिटं मुकी उभी राहिली.

या ट्रिपचा हट्ट मामांचाच. नोकरीत असताना मामींना घेऊन कुठे निघायचं ठरलं की नेमका ड्यूटीचा निरोप यायचा. मग मामी पुढे एकट्याच जायच्या. नात्यातली कितीतरी लग्नं, बारशी मामींनी एकटीनं उरकली, आणि मामा मनमाडच्या वाटेवर कुठल्यातरी सिग्नलला शेंगा खात बसून राहिले. रिटायर झाले त्या दिवशी गळ्यातला हार काढायच्या आत त्यांनी घरात जाहीर केलं, “आता हिला एकटीला कुठं सोडायची न्हाई. जिथं जाईल तिथं संगं.” मामा एकदा बोलले की बोलले. मामींना टीव्हीवर दिसतो तसा डोंगरावरचा बर्फ बघायचा होता, म्हणून युरोप ठरलं. मला कुरकुंभच्या कंपनीतून पंधरा दिवसांची रजा मिळवताना नाकी नऊ आले, पण “जावईबापू, तुम्ही न्हाई तर गाडी न्हाई,” असं मामांनी म्हटल्यावर पुढे बोलायची सोय नव्हती.

मामांच्या ट्रॉलीबॅगेत कपडे कमी आणि सामान जास्त होतं. हिरवं आणि लाल निशाण, शिट्टी, टॉर्च, आणि सायकलच्या मागे लावतात तो लुकलुकणारा लाल दिवा. हा दिवा मामींच्या खांद्यावरच्या बॅगेला अडकवला गेला. मामींचे गुडघे दुखतात, त्या हळू चालतात, म्हणजे आपोआप शेवटचा डबा त्याच. आमची टूर मॅनेजर पुण्याची चुणचुणीत मुलगी होती. ती बसमध्ये फिरून अडतीस डोकी मोजायला लागली की मामांना कसंतरीच व्हायचं. “अगं पोरी, डबे मोजत बसायचं नसतं,” त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं. “शेवटच्या डब्याचा दिवा दिसला की गाडी पूर्ण. मोजण्यात माणूस चुकंल, दिवा चुकत न्हाई. आमच्या गार्डलाबी आता ट्रेन मॅनेजर म्हणत्यात. म्हंजी तू आन् मी एकाच पदावरचे.”

तेव्हापासून मामींच्या मागे राहायची कोणाची हिंमत झाली नाही. पॅरिसमध्ये सोलापूरचं एक नवीन जोडपं फोटोसाठी रेंगाळलं, तर मामांनी शिट्टी मारून त्यांना मामींच्या पुढे हाकललं. एका मोठ्या चर्चमध्ये तीच शिट्टी वाजली, तेव्हा प्रार्थनेला बसलेली शंभर माणसं उठून उभी राहिली. एका संग्रहालयात मामींच्या पाठीवर काहीतरी लुकलुकतंय म्हणून दोन पहारेकरी धावत आले, आणि मामांनी त्यांना मराठीतून, अजिबात घाई न करता, गाडीच्या टेल लॅम्पचं महत्त्व पटवून दिलं. पटलं असावं, कारण त्यांनी हात जोडले. बसचा ड्रायव्हर हा पोर्तुगीज गडी. त्याला मराठी येत नव्हतं, मामांना बाकी काही येत नव्हतं, पण तिसऱ्या दिवसापासून तो आरशात मामांचं हिरवं निशाण दिसल्याशिवाय बस हलवेना. टूर मॅनेजरनेही मोजणं सोडून दिलं. ती म्हणाली, माझ्या नोकरीत पहिल्यांदाच मी खिडकीतून बाहेर बघतेय.

स्वित्झर्लंडमध्ये एका तळ्याकाठी आम्ही अर्धा तास थांबलो. पलीकडे डोंगर, डोंगरावर मामींचा बर्फ. मामी बाकावर बसून बघत राहिल्या. त्यांचा खांदा अवघडलेला दिसला म्हणून मी म्हणालो, “मामी, बॅग द्या माझ्याकडे.” एवढंच पुण्यकर्म मी केलं. हाक आल्यावर मी बसमध्ये चढलो. मला वाटलं, मामी बायकोबरोबर येतायत. बायकोला वाटलं, मामांबरोबर. आणि मामांना मागच्या सीटवरून, पायऱ्या चढून आत येणारा, लुकलुकणारा लाल दिवा दिसला. तो माझ्या खांद्यावर होता, हे गर्दीत त्यांना दिसलं नाही. त्यांनी हिरवं निशाण हलवलं. बस निघाली.

वीस मिनिटांनी बायकोने चिवड्याचा डबा फिरवला तेव्हा मामींची सीट रिकामी सापडली. मामींचा फोन माझ्याजवळच्या बॅगेत होता. मामांनी आधी सीटकडे बघितलं, मग माझ्या मांडीवर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे. माझ्या अंगावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण आमच्याकडे जावयाला बोलायची पद्धत नाही. “तुम्ही बॅग घेतली, चांगलं केलं,” ते एवढंच म्हणाले. “दिवा कुणाच्या खांद्यावर हाय, ते मी बघायला पायजे हुतं.” मग लाल निशाण घेऊन ते बसच्या पुढच्या टोकाला गेले आणि ड्रायव्हरच्या शेजारी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मामा गाडीच्या पुढे उभे होते.

मोठ्या रस्त्यावर बस वळवायची सोय नव्हती. पुढचा फाटा आला, बस वळली, तेवढ्यात मागून कोणीतरी कुरकुरलं की आता चॉकलेटचा कारखाना चुकणार. मामा मागे वळले नाहीत. “ज्यांना चॉकलेट बघायचंय त्यांनी उतरून घ्या. गाडी मागं जाणार.” कोणी उतरलं नाही. टूर मॅनेजर रडायला लागली, तिला म्हणाले, “तू डोळं पूस. गाडी पूर्ण हाय असं तू न्हाई, मी सांगितलं.” सगळा रस्ता त्यांनी काचेवरून नजर काढली नाही. प्रत्येक वळणावर ते पुढे झुकून तळं दिसतंय का ते बघत होते.

मामी होत्या तिथेच होत्या. शेजारी तिथलीच एक म्हातारी बसली होती, दोघी मिळून सफरचंद खात होत्या. मामा उतरले, भराभर चालत गेले, आणि समोर जाऊन नुसते उभे राहिले.

मामींनी वर बघितलं. “एवढं काय घाबरायचं?” त्या म्हणाल्या. “शेवटचा डबा मागं राहिला तर फुडचं ठेसन गाडी पूर्ण धरत न्हाई. तुम्हीच सांगितलंय की. मला म्हाईत हुतं, यावंच लागंल.”

मामा बाकावर बसले आणि रुमालात तोंड खुपसून रडले. मामींनी त्यांची हनुवटी धरून मान डोंगराकडे वळवली. “आता आलाच हाय तर बर्फ बघा. फुडं बघा, मागं न्हाई.” बसमधल्या कोणीही हाक मारली नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

उरलेल्या ट्रिपमध्ये टूर मॅनेजर रोज दोनदा डोकी मोजायची आणि मामा मामींच्या शेजारी बसायचे. निशाणं बॅगेतून बाहेर आलीच नाहीत.

गेल्या महिन्यात फर्स्ट शिफ्ट संपवून मी दौंडला त्यांच्याकडे गेलो. मामींना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. रेल्वे कॉलनीच्या रस्त्यावर संध्याकाळी दोघं दिसली. मामी पुढे, चार पावलांवर मामा मागे, आणि लाल दिवा मामांच्या सदऱ्याला पाठीमागे अडकवलेला. मामांना हल्ली धाप लागायला लागली आहे, ते आता मामींपेक्षाही हळू चालतात. मी दिव्याबद्दल विचारलं तर म्हणाले, “जावईबापू, आता शेवटचा डबा मी. म्हंजी ही कवाबी मागं ऱ्हायाची न्हाई.”

चालताना मी बघत होतो, दर दहा-बारा पावलांनी मामी थांबायच्या, मागे वळून बघायच्या, आणि मामा आले की मगच पुढे निघायच्या.