फॅमिलीची स्वतंत्र सोय

कात्रजला आमच्या सोसायटीसमोर एक हॉटेल होतं. मालक इथल्या मूळ गावातला. आमच्या इमारती उभ्या राहिल्या ती जमीन त्याचीच, आणि बदल्यात मिळालेल्या फ्लॅटांमुळे तो आमचा शेजारीही होता. फुटबॉलच्या वर्ल्ड कपची फायनल जवळ आली तसा त्याने दारात फलक लावला: ‘मोठ्या पडद्यावर फायनल.’ त्याखाली, ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय.’ आईने दोन्ही ओळी एका दमात वाचल्या आणि म्हणाली, आपण जायचंच.

आई खडकीची. तिचे वडील दारूगोळा कारखान्यात होते आणि क्वार्टर्सच्या मैदानावर दर रविवारी फुटबॉल चालायचा. आमच्या घरी टीव्ही होता, पण दोघींनी सोफ्यावर बसून मॅच बघणं म्हणजे तिच्या मते आजाऱ्याच्या समाचाराला जाणं. तिला माणसांत बसून ओरडायचं होतं. तिच्या हृदयाबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. पुढची फायनल चार वर्षांनी होणार, हेही.

त्या रविवारी संध्याकाळी ती ठेवणीतली नारायणपेठी नेसून पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली. मालक स्वतः आला.

“ताई, हिथं पिणारं गिऱ्हाईक हाय. फॅमिलीची सोय तिकडं.”

तिकडं म्हणजे प्लायवूडच्या भिंतीपलीकडची खोली. तिथे टेबलं, एक कूलर आणि धबधब्याचं चित्र. टीव्ही नाही. मी म्हटलं, आम्ही इथेच बसतो, आमची काही हरकत नाही.

“आमची हाय की,” तो म्हणाला. सगळा हॉल हसला.

मी आईला घरी चल म्हटलं. ती त्या खोलीतच बसली. “घरी एवढाही आवाज नाही,” म्हणाली. पलीकडे आरडाओरडा झाला की ती मला विचारायची, “कोणी मारला?” मी उठून दाराशी जायची आणि वेटर दार लोटून घ्यायचा. शेवटी शेवटी तिने विचारणं सोडलं आणि गार झालेली भजी खात राहिली. त्या माणसाला मी तेव्हा माफ केलं नाही, नंतरही नाही. दिवाळी झाली आणि आई गेली.

पुढे मी सोसायटीच्या सांस्कृतिक समितीत घुसले, ते काही आरत्या म्हणायला नव्हे. पुढच्या फायनलला हॉलमध्ये पडदा लावायचं ठरलं तेव्हा सूचना मी लिहिली: ‘सहकुटुंब येणाऱ्यांनाच प्रवेश. एकट्या पुरुषांसाठी पार्किंगमध्ये खुर्चीची स्वतंत्र सोय.’ समितीला तो विनोद वाटला. मंजूर झाला.

नियम एकाच माणसासाठी होता. बाकीचे एकटेदुकटे आले त्यांना मी सोडलं. त्याची बायको, सुना, नातवंडं लवकर येऊन पुढे बसली होती. तो मागाहून आला, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत.

“आपली सोय तिकडे,” मी पार्किंगकडे बोट दाखवलं.

“माझी फॅमिली आतच हाय की.”

“हो ना. ते सहकुटुंब आले. आपण एकटे आलात.”

तो हसला. मी हसले नाही. मग मी त्याला माझ्या आईची आठवण करून दिली. तो खरोखरच विचारात पडला. “कुठली म्हातारी म्हणताय?” म्हणाला. त्याला ती आठवतच नव्हती, आणि ते मला त्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. सुना वळून बघू लागल्या होत्या. त्यांच्यादेखत बाईशी दारात भांडायचं त्याच्याने होईना. तो खुर्चीवर जाऊन बसला.

त्याने खिशातून मोबाईल काढून मॅच लावली. मोबाईलवर चित्र उशिरा येतं. आतून आधी आरोळी यायची, त्यातून नातवाचा आवाजही ओळखू यायचा, आणि हा बापडा काय झालं ते कळायची वाट बघत मान वाकवून बसायचा. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

ती फायनल फारच रंगली म्हणतात. लोक अजून तिच्याबद्दल बोलतात, मला विचारतात, कुठला गोल आवडला. मी एकही पाहिला नाही. सगळा वेळ मी दारात उभी राहून त्याचा चेहरा बघत होते. आई असती तर म्हणाली असती, बसू दे गं त्या मेल्याला आत, तू मॅच बघ. पण ती नव्हती.