दुसऱ्याच्या घरचा धडा

या गं, या रे, शाळेतली शोकसभा संपली, आता माझ्याजवळ बसा. लांबून हळहळणं पुरे झालं. सुलभाबाईंच्या हाताखालून गेलेली तुम्ही मुलं, आता कामाधंद्याला लागलात. फोनवर तिचा फोटो लावलात, खाली फुलं टाकलीत… पण महिना होत आला, घरी कुणी फिरकलं नाही. रागावत नाही हो. रागवायचंही आता अंगात त्राण नाही.

सुलभा माझी धाकटी जाऊ. त्या दिवशी जेवून आडवी झाली. चहाला हाक मारायला मीच गेले… उठलीच नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी आमच्या पुढच्या खोलीत आळीतल्या लहान पोरांना इतिहास शिकवायची. पलीकडे कापडाच्या लूमची खडखड, म्हणून सगळं ओरडून सांगायची. जगातले धर्म हा तिचा आवडता धडा, पण पद्धत उफराटी. आपल्या घरचं कुणी सांगायचं नाही. दुसऱ्याच्या घरचं सांगायचं, आणि चुकलं तर त्या घरच्याने दुरुस्त करायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली, बाकीचं पेपर वाचून वाचून आलेलं. भाजी निवडत दाराशी बसायचे. बुद्धाने घर का सोडलं, पारशी आग का विझू देत नाहीत, हे मला तिथेच कळलं.

गेल्या वर्षी एकाच शनिवारी दोघं तक्रार घेऊन आले. वर्गातल्या प्रणयचे वडील, मूळचे दिघाशी गावचे. म्हणाले, "बाई, इतिहासान राजं शिकवा नं, नमाज कशाला?" तेवढ्यात अफ्रीनची अम्मी, "बाई, हमारी बच्ची को पूजापाठ मत सिखाओ." मला वाटलं, संपला वर्ग. सुलभा म्हणाली, "बसा दोघं. ऐका, मग बंद करा." आणि प्रणयला उभं केलं. तो छाती काढून म्हणाला, "रोज्याला यांच्यात दिवसभर उपास. दुपारी साबुदाण्याची खिचडी चालते." अम्मी पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अरे बेटा, पानी भी नहीं चलता!" मग अफ्रीन उठली. "गणपतीला पाण्यात सोडतात, कारण त्याला आपल्या घरी जायचं असतं." प्रणयच्या वडिलांना राहवेना. "आन शिदोरी? दहीपोह्यांची शिदोरी र्‍हायली नं पोरी!"

बंद करायचं मग कुणीच बोललं नाही.

ती गेल्यावरच्या शनिवारीही पोरं आली. येऊ नका असं त्यांना कोण सांगणार? सतरंजीवर बसली. मग अफ्रीनच म्हणाली, "यांच्यात माणूस परत जन्माला येतो. बाई कुठेतरी छोटं बाळ झाल्या असतील." प्रणय म्हणाला, "त्यांच्यात सगळे कबरीत थांबतात. एक दिवस सगळ्यांना उठवतात." दोघं माझ्याकडे बघायला लागली. "आजी, बरोबर?"

काय सांगू? बरोबर म्हणू की दुरुस्त करू… मी चिक्की वाटली आणि पोरांना घरी पाठवलं. तेव्हापासून दर शनिवारी एखाददुसरं पोर गळतंय. त्यांना वाटतं, आजीला काही येत नाही. खरंच आहे ते.

सतरंजी मी घालते, चहाही करते. शिकवायला मात्र तुमच्यातलंच कुणीतरी हवं, तिच्या हाताखालचं. प्रणय आणि अफ्रीन अजून येतात. ती यायची थांबायच्या आत एकदा घरी या.