धुराड्यापाशी उदबत्ती

वाऱ्याशी वैयक्तिक वैर धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. वेलिंग्टनमध्ये वाऱ्याबद्दल कुरकुर सगळेच करतात. छत्री उलटी झाली की ती कचऱ्यात टाकून बस पकडतात. साडूभाऊ तिथेच थांबतात. वारा कुठून आला, कुठल्या भिंतीवर आदळला आणि कुठून निसटला, याचा छडा लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. परसातल्या कपड्यांच्या तारेला त्यांनी जुन्या ओढण्यांच्या पट्ट्या बांधल्या होत्या, आणि ऑफिसातल्या मीटिंगमधून उठून ते घरी फोन करून विचारत, "पिवळी पट्टी कुठे उडतेय?" हवामानखातं असताना ही उठाठेव कशाला, असं मी एकदा म्हणालो. ते खातं शहराचं सांगतं, आमच्या गॅरेजचं कोण सांगणार, असं त्यांनी अगदी गंभीरपणे मला विचारलं.

गॅरेजची एवढी काळजी करायला कारण होतं. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, घरचा गणपती दर वर्षी स्वतः मातीचा घडवायच्या. इथे गणपती येतो तो हिवाळा सरता सरता. मूर्ती पंधरा-पंधरा दिवस ओलीच राहते. त्यात ताईंच्या बोटांत संधिवात शिरलेला. दिवसभर हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करून आल्यावर गार गॅरेजमध्ये बोटं वळायचीच नाहीत. २०१३च्या हिवाळ्यात त्या म्हणाल्या, यंदा जमलं नाही तर मी हे सोडूनच देणार. स्वतःला पक्के नास्तिक म्हणवणारे साडूभाऊ यावर तडक उठले. त्यांनी गॅरेजमधला जुना गॅस हीटर पेटवला.

हा हीटर घराच्या आधीच्या मालकाने मागे ठेवलेला. त्याचं धुराडं भिंतीतून आडवं बाहेर निघालेलं, आणि तेही बरोबर वायव्येला तोंड करून. इथला दांडगा वारा वायव्येचाच. झोत आला की ज्योत फडफडायची आणि विझायची. साडूभाऊंना आयतंच कोडं मिळालं. देवघरातला उदबत्त्यांचा पुडा त्यांनी गॅरेजमध्ये नेला आणि पेटती उदबत्ती हीटरवरच्या धुराड्याच्या तोंडाशी धरून ते तासन्‌तास उकिडवे बसू लागले. धूर वर ओढला गेला की म्हणत, "घेतोय." खोलीत परत आला की, "थुंकतोय." मला त्यांनी बाहेर पट्ट्यांवर नजर ठेवायला उभं केलं होतं. पहिल्या दिवशी मी मनात हसलो, दुसऱ्या दिवशी बोलावणं नसताना गेलो.

त्या शनिवारी ताई सोंडेला वळण देत होत्या. मधेच त्यांनी हात थांबवला आणि डोकं जड झालंय, मळमळतंय म्हणाल्या. मला वाटलं, एवढ्या उदबत्त्यांनी कुणाचंही होईल. ताई मात्र साडूभाऊंकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "दिसतोय तो धूर उदबत्तीचा. जो दिसत नाही, तो मला चढतोय."

साडूभाऊंच्या हातातल्या उदबत्तीचा धूर सरळ त्यांच्याच तोंडावर येत होता. त्यांनी गॅस बंद केला, गॅरेजचं दार पूर्ण वर उचललं आणि ताईंना धरून बाहेर हिरवळीवर नेलं. ज्या वाऱ्याला ते इतके दिवस शिव्या देत होते, त्याच वाऱ्यात ते त्यांना घट्ट धरून उभे राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते तेव्हाच. डॉक्टरांनी तपासून काळजीचं कारण नाही म्हटल्यावर ते कुठे खाली बसले.

सोमवारी गॅसफिटर आला. धुराड्याकडे बघण्याआधीच त्याची नजर भिंतीतल्या हवेच्या जाळीकडे गेली. तिच्यावर चिकटपट्टी होती. दाराखालच्या फटीत कोंबायची, पुण्याहून आणलेली गोधडी तिथेच पडलेली. हे कोणी केलं, असं त्याने विचारताच साडूभाऊंनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. वारा आत येऊ नये म्हणून एवढा अभ्यास करणाऱ्या माणसाने ज्योतीला लागणारी हवाही बाहेरच ठेवली होती. गॅसफिटरने जाळी मोकळी केली. वारा आदळतो त्या भिंतीतून धुराडं कधी काढू नये, असं सांगून ते छतातून सरळ वर, छपराच्या आढ्याहून उंच नेलं आणि त्यावर वाऱ्याची टोपी बसवली. त्या न दिसणाऱ्या विषारी वायूचा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावून दिला. साडूभाऊंनी त्याला तासभर प्रश्न विचारले. "स्वीट ॲज, मेट," म्हणजे आता सगळं झकास, एवढं म्हणून तो सुटला. त्या वर्षीचा गणपती वेळेत वाळला.

पुढे ताईंची बोटं पार आखडली. आता मूर्ती साडूभाऊ करतात. एक कान हमखास मोठा होतो. ताई हीटरजवळच्या खुर्चीत बसून चुका काढतात. २०१९मध्ये गेलो तेव्हा बाहेर वायव्येचं थैमान होतं. साडूभाऊंनी नेहमीसारखी आधी धुराड्यापाशी उदबत्ती धरली आणि मगच ती ओल्या मूर्तीसमोर खोचली. मी चेष्टेने म्हणालो, आता अलार्म आहे, मग ही भक्ती समजायची का?

"ती इथे बसते ना," ताईंच्या खुर्चीकडे मान करून ते म्हणाले, "म्हणून बघतो."

साडूभाऊ अंगठ्याने सोंड दाबत होते. खुर्चीत ताईंची मांडीवरची आखडलेली बोटं त्यांच्याही नकळत तीच सोंड वळवत होती.